मनातला किल्ला आणि पाण्यातला किल्ला

मालवणहून तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने तीन प्रश्न पाठवले आहेत. थोडक्यात असे: "डोळे मिटले की मला सिंधुदुर्ग दिसतो, लहानपणापासून रोज पाहिलाय. पुस्तकात लिहिलंय की मनात वस्तूची प्रतिमा असते. प्रतिमा माझ्या डोक्यात आणि किल्ला पाण्यात, तर ती त्याच किल्ल्याची आहे हे कशावरून ठरतं? दुसरं, मनाबाहेर जाऊन प्रतिमा आणि किल्ला शेजारी ठेवून मला पाहता येत नाही. मग ती बरोबर आहे हे कळणार कसं? आणि तिसरं, जे नाहीच, उदाहरणार्थ माझ्या आजीच्या गोष्टीतला देवचार, त्याची कल्पना कशाची असते?"

पहिला प्रश्न नीट सुटला की दुसऱ्याची निम्मी धार जाते, म्हणून माझा बराचसा वेळ पहिल्यावर जाणार आहे. तिसरा शेवटी घेतो. त्याचं उत्तर तुम्हाला पुरतं पटेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. इतकी वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात हाच विषय शिकवूनही मला ते पुरतं पटलेलं नाही.

आधी 'प्रतिमा' जरा बाजूला ठेवा, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने मांडलं की आकार, गती, संख्या यांच्या आपल्या मनातल्या कल्पना वस्तूतल्या गुणांसारख्याच असतात. रंग, वास, चव यांच्या कल्पना तशा नसतात. म्हणजे निदान काही कल्पना तरी साम्यामुळे वस्तूच्या ठरतात. बर्कलीने १७१० मध्ये यावर एकच घाव घातला: कल्पना फक्त दुसऱ्या कल्पनेसारखी असू शकते, बाकी कशासारखी नाही. तुमच्या मनातल्या तटाला वजन नाही, त्यावर शेवाळ नाही, त्यावर लाट आपटली तर पाणी उडत नाही. मग सारखेपणा नेमका कशात?

बर्कलीचं तुम्हाला शब्दांचा खेळ वाटत असेल तर एक करून पाहा. डोळे मिटून किल्ला समोर आणा, चांगला स्पष्ट. आता दिसणारे बुरूज मोजा. फोटो असता तर मोजता आले असते. मनातल्या किल्ल्यात मात्र आकडा आधीपासून ठाऊक असेल तरच तो 'मोजून' येतो. नसेल तर बुरूज निसटत राहतात. फ्रेंच विचारवंत आलँ पॅरिसच्या पँथिऑनच्या खांबांबद्दल लोकांना हेच विचारायचे. कागदावरच्या चित्राला जे जमतं ते मनातल्या 'चित्रा'ला जमत नाही. तेव्हा तुमच्याकडे जे आहे ते किल्ला ओळखण्याची, आठवण्याची, त्याबद्दल विचार करण्याची क्षमता आहे आणि तिला थोडा दृश्य रंग आहे. (मनातल्या प्रतिमांबद्दल १९७० च्या दशकात कॉसलिन आणि पिलिशिन यांचा मोठा वाद झाला. कॉसलिनचे प्रयोग खरे आहेत, मनातल्या नकाशावर लांबच्या ठिकाणी 'जायला' खरंच जास्त वेळ लागतो. तरी त्यावरून डोक्यात कागदासारखं काही टांगलेलं आहे असं सिद्ध होत नाही.)

शिवाय साम्य असून भागत नाही. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर बारीक खेकडे वाळूच्या गोळ्यांची नक्षी घालतात, ती तुम्ही रोज पाहता. समजा एके दिवशी त्या नक्षीत हुबेहूब टोप घातलेल्या माणसाचं चित्र उमटलं. खेकड्याने कोणाचं चित्र काढलं का? नाही, तो वाळू चाळून खात होता. तत्त्वज्ञ हिलरी पटनमने १९८१ मध्ये वाळूत फिरणाऱ्या मुंगीच्या मागातून चर्चिलचं चित्र उमटल्याचं उदाहरण देऊन हेच दाखवलं. उलट बाजूने पाहा: एकाच कारागिराने, एकाच मापाने बांधलेल्या दोन होड्या एकमेकींसारख्या शंभर टक्के असतात, पण एक होडी दुसरीबद्दल काही 'सांगत' नाही. साम्य दोन्ही बाजूंनी सारखंच असतं. कल्पनेचा रोख मात्र एकाच दिशेला असतो: कल्पना किल्ल्याची, किल्ला कल्पनेचा नव्हे.

साम्य किती कमी असलं तरी चालतं, याला आपल्या किनाऱ्यावर रोज संध्याकाळी मिळणारा पुरावा आहे. मावळतीला सूर्य पाण्याला टेकतो तेव्हा तो जेवणाच्या ताटाएवढा दिसतो. देकार्तने १६४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिंतनांपैकी तिसऱ्यात लिहिलंय की माझ्या मनात सूर्याच्या दोन कल्पना आहेत. एक इंद्रियांकडून आलेली, तिच्यात सूर्य अगदी लहान. दुसरी खगोलशास्त्राच्या हिशोबातून आलेली, तिच्यात सूर्य पृथ्वीच्या कितीतरी पट मोठा. दोन्ही एकाच सूर्यासारख्या असणं शक्य नाही, आणि त्याचं मत असं की थेट सूर्याकडून आलेली कल्पनाच त्याच्याशी सर्वांत कमी जुळते. हिशोबाच्या कल्पनेत दिसण्यासारखं काहीच नाही, आकडे आहेत: व्यास पृथ्वीच्या सुमारे १०९ पट, अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर.

आता त्याच संध्याकाळी आणखी खोलात जा. क्षितिजाजवळ हवेतून येताना प्रकाश वाकतो, साधारण अर्ध्या अंशाने. सूर्याचं बिंबही जवळपास अर्ध्या अंशाचंच. परिणाम असा की बिंबाची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते त्या क्षणी सूर्य भूमितीच्या हिशोबाने जवळजवळ संपूर्ण क्षितिजाखाली गेलेला असतो. आणि डोळ्यांत शिरणारा प्रकाश निघून सव्वाआठ मिनिटांहून थोडा जास्त वेळ झालेला असतो. म्हणजे तुम्ही जिथे बोट दाखवता तिथे सूर्य नाही, दिसतो त्या आकाराचा नाही, आणि दिसतो तो आत्ताचाही नाही. तरी वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर कोणी पोर ओरडलं, "तो बघ सूर्य बुडतोय", तर ते सूर्याबद्दलच बोलतंय यात कोणाला शंका येत नाही. इतकं सगळं चुकूनही कल्पना सूर्याचीच राहते. हे 'चुकूनही त्याचीच' लक्षात ठेवा, पुढे त्यालाच धरून जायचंय.

त्याआधी साम्य मुळीच नसताना कल्पना काम कशी करते ते पाहू. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना भरतीची वेळ विचारली तर ती तिथी विचारतात आणि तिची पाऊणपट करतात. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दिवसातून दोनदा, अर्थात. या हिशोबात पाणी नाही, खारा वास नाही, चंद्रसुद्धा नाही. एक आकडा आणि एक गुणाकार. पण तो आकडा समुद्राची एक गोष्ट घट्ट पकडून आहे: तिथीगणिक भरती ठरावीक अंतराने पुढे सरकते. चंद्राची तीस तिथींची फेरी म्हणजे भरतीच्या वेळेचं चोवीस तासांचं सरकणं, म्हणून सरासरीने एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. हिशोब पंचेचाळीस धरतो, कारण पाऊणपट तोंडी करायला सोपी.

ही तीन मिनिटांची कसर मला फार आवडते. कल्पनेबद्दल ती जे शिकवते ते पुस्तकातल्या परिच्छेदांना जमत नाही. पंधरा तिथींत ती पाऊण तास होते. या हिशोबाने अमावास्येला भरती सव्वाअकराला आणि प्रतिपदेला पाऊण वाजता, म्हणजे एका तिथीत दीड तासाची उडी. समुद्र अशी उडी मारत नाही. बंदराबंदरागणिक, खाडीच्या तोंडागणिक वेळ थोडी बदलते ती वेगळीच. तेव्हा हिशोबाची रचना समुद्राच्या रचनेशी कुठे जुळते आणि कुठे सुटते हे आपल्याला नेमकं दाखवता येतं. वरती आकड्यांची माळ, खाली पाण्याची चढउतार. माळेतला पुढचा मणी आणि पाण्यातली पुढची भरती यांची जोडी लागते. रूप कुठेच सारखं नाही, क्रम आणि अंतरं जुळतात. मनातल्या नकाशांबद्दल, घराच्या वाटेच्या आठवणीबद्दल, पंचांगातल्या ग्रहणाबद्दल आज बरेच तत्त्वज्ञ याच प्रकारचं उत्तर देतात, आणि मला ते प्रतिमेच्या उत्तरापेक्षा कितीतरी सरस वाटतं.

पण पुरेसं नाही. रचना फार स्वस्त मिळते. पाऊणपटीचा तोच पाढा एखादा दुकानदार पाऊण रुपयाच्या वस्तूंची किंमत काढायलाही वापरेल. आकड्यांची माळ तीच, मग ती एका ठिकाणी भरतीची आणि दुसऱ्या ठिकाणी किमतीची का? माळेत पाहून हे सांगता येत नाही. ती कशाच्या संपर्कातून आली आणि कोण तिचा उपयोग कशासाठी करतो, इकडे पाहावं लागतं.

इथे मी माझं मत सांगून टाकतो. एखादी अवस्था खरोखर 'कशाची तरी कल्पना' आहे का याची सर्वांत चांगली कसोटी ही, की तिला चुकता येतं का. किनाऱ्यावरची ओली वाळू नुकतीच ओहोटी झाल्याचं चिन्ह असते, पण वाळू कधी चुकत नाही. ओहोटी न होता ती ओली झाली तर चुकलो आपण. वाळू फक्त ओली झाली. पाऊणपटीचा हिशोब मात्र चुकतो, तुमच्या मनातला किल्लाही चुकू शकतो. ज्याला चुकता येतं त्याच्यावर बाहेरच्या वस्तूचं काहीतरी देणं असतं. ते देणं कुठून येतं, हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचा गाभा.

आपल्याकडच्या दर्शनांनी हा विषय 'चूक कशी होते' या अंगानेच धरला हे मला त्यांचं मोठं शहाणपण वाटतं. त्यांचं ठरलेलं उदाहरण तर आपल्या पायाखालचं आहे: शिंपल्याच्या जागी चांदी दिसणं. ओहोटीला उघड्या पडलेल्या पुळणीवर पालथा शिंपला उन्हात चमकतो आणि माणूस रुपयासाठी वाकतो. त्याच्या ज्ञानाचा विषय काय? चांदी म्हणावी तर समोर चांदी नाही. शिंपला म्हणावा तर त्याला शिंपला दिसतच नव्हता. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, म्हणतात, चांदी खरीच आहे, पण दुसरीकडे, बाजारात पूर्वी पाहिलेली. दोषामुळे तिचा चांदीपणा इथल्या चकाकत्या वस्तूवर भासतो. याला अन्यथाख्याती म्हणतात. प्राभाकर मीमांसक म्हणतात, चुकीचं ज्ञान असं काही नसतंच: 'हे' हा एक खरा अनुभव, 'चांदी' ही एक खरी आठवण, आणि दोन्ही वेगळे आहेत एवढं लक्षात आलं नाही. योगाचार बौद्ध म्हणतात, मनातलाच आकार बाहेर असल्यासारखा भासतो. अद्वैतवाले त्या चांदीला आहे असंही म्हणत नाहीत, नाही असंही म्हणत नाहीत, अनिर्वचनीय म्हणतात. परीक्षेत या चारांची यादी लिहून गुण मिळवू नका. एका प्रश्नाची ही चार उत्तरं म्हणून वाचा. प्रश्न असा: चूक करणारं ज्ञान कशाला जोडलेलं असतं?

माझं पारडं नैयायिकांकडे झुकतं, कारण ते चुकीलाही जगातच ठेवतात. ज्याने आयुष्यात कधीच, कुठेच चांदी पाहिली नाही, ऐकली नाही, त्याला शिंपल्यात चांदी दिसणार नाही. चुकायलासुद्धा आधी जगाशी संपर्क लागतो.

आता शिंपल्याची हीच चूक सुरमई करते. गळाला लावलेला चकाकता पत्रा पाण्यातून ओढला की ती झेप घेते. तिच्या डोक्यात त्या क्षणी जी काही अवस्था असेल ती कशाची? 'लहान मासा' म्हणावं तर ती चुकली. 'चकाकून पळणारं काहीतरी' म्हणावं तर ती मुळीच चुकली नाही, पत्रा चकाकतच होता. तत्त्वज्ञानात हा वाद बेडकावरून गाजला. १९५९ मध्ये लेटविन, मातुराना, मॅककलक आणि पिट्स यांनी दाखवलं की बेडकाच्या डोळ्याकडून मेंदूकडे जाणारे काही तंतू लहान, गडद, हलणाऱ्या ठिपक्याला जोरात प्रतिसाद देतात. बेडूक माशीवर जीभ टाकतो तशीच फिरवलेल्या खोट्या ठिपक्यावरही टाकतो. फक्त 'कशामुळे ही अवस्था उद्भवते' एवढंच विचारलं तर उत्तर येतं: माशी किंवा ठिपका किंवा गोळी. आणि मग चूक उरतच नाही, जे जे तिला उठवतं ते ते तिचा विषय ठरतं. नुसत्या कारणाच्या सिद्धान्तांची इथे कोंडी होते.

रूथ मिलिकन यांनी १९८४ मध्ये यातून काढलेली वाट मला आजवरची सर्वांत भक्कम वाटते. त्या विचारतात: ही अवस्था वापरणाऱ्याला तिच्याकडून काय हवं होतं, ज्यामुळे ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली? सुरमईची जात चकाकीने पोट भरत नाही, लहान माशांनी भरते. झेप यशस्वी होण्याचं कारण मासा होता, चकाकी ही केवळ ओळखीची खूण. म्हणून विषय मासा, आणि पत्र्यावरची झेप ही खरीखुरी चूक. देणं येतं ते इथून: अवस्थेच्या इतिहासातून आणि तिच्या कामातून. सुरमईची अवस्था विचार आहे असा माझा दावा नाही, पण 'च्याबद्दल असणं' हे माणसाच्या डोक्यातच अचानक उगवलं नाही, हे तिच्यामुळे कळतं.

माणसाचं प्रकरण एका कारणाने वेगळं होतं. आपल्या बहुतेक कल्पना आपण स्वतः संपर्क करून मिळवलेल्या नसतात, दुसऱ्यांकडून घेतलेल्या असतात. याला विजयदुर्गाचं उदाहरण द्यायचा मोह मला आवरत नाही. किल्ल्यावर साहेबाने दुर्बीण लावली ते ओटे दाखवतात आणि सांगतात की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने इथून हेलियम शोधला. ग्रहण त्या दिवशी खरंच झालं. जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते गुंटूरहून पाहिलं. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता; २० ऑक्टोबर १८६८ ला त्याने ग्रहण नसतानाच तिथून सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट घेतला आणि त्यात सोडियमच्या रेषांशी न जुळणारी पिवळी रेषा त्याच्या ध्यानात आली. विजयदुर्गाला तो आला खरा, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. (ऑगस्टात आपल्या किनाऱ्यावर आकाशाची अवस्था काय असते हे ज्याला ठाऊक आहे त्याला जानेवारी जास्त पटेल.) दोन ग्रहणं लोकांच्या सांगण्यात एक झाली.

आता पाहा. तिथल्या एखाद्या माणसाची लॉकियरबद्दलची एकुलती एक समजूत म्हणजे 'विजयदुर्गावरून हेलियम शोधणारा साहेब'. या वर्णनात बसणारा माणूस जगात झालाच नाही. मग ती समजूत कोणाबद्दलच नाही का? आहे, लॉकियरबद्दलच आहे, म्हणून तर ती चुकीची आहे. ती त्याच्यापर्यंत पोचते ती वर्णनाच्या जोरावर नव्हे. १८९८ मध्ये त्याला पाहिलेल्यांपासून तोंडोतोंडी आलेल्या साखळीच्या जोरावर ती पोचते. सॉल क्रिपकीने १९७० च्या व्याख्यानांत नावांबद्दल असंच दाखवलं. आणि खुद्द लॉकियरची हेलियमची कल्पना? सत्तावीस वर्षं, १८९५ मध्ये रॅमसेने क्लेव्हाइट या खनिजातून तो वायू काढेपर्यंत, ती एका पिवळ्या रेषेला लटकून होती. तो धातू असावा अशीच तेव्हा समजूत होती. निघाला वायू. तरी रॅमसेने शोधला तो लॉकियरचाच हेलियम, कारण रेषा तीच. एवढा बारीक धागाही पुरतो. तुमचा किल्ल्याशी असलेला संपर्क त्यामानाने दोरखंड आहे.

अर्थात त्या संपर्काला नेहमी एक बाजू असते. मालवणच्या धक्क्यावरून पाहणाऱ्याला एक किल्ला दिसतो, निवतीकडून पाण्यातून येणाऱ्याला दुसरा. दरवाजा तर दोघांनाही जवळ गेल्याशिवाय दिसत नाही, बांधणाऱ्यांनी तो मुद्दाम तसा लपवलाय. फ्रेगेने १९१४ च्या एका पत्राच्या मसुद्यात अशाच एका डोंगराची कल्पना केली आहे: उत्तरेकडून पाहणाऱ्याला त्याचं एक नाव कळतं, दक्षिणेकडून पाहणाऱ्याला दुसरं, आणि दोन्ही एकच हे नंतर मोजणी करून कळतं. वस्तू एक, पोचण्याच्या रीती दोन. यावर पुष्कळ लिहिता येईल, पण तुमच्या प्रश्नाला एवढं पुरे.

मेंदूत काय असतं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच येणार. १९७१ मध्ये ओकीफ आणि दोस्त्रोव्स्की यांना उंदराच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या ज्या उंदीर ठरावीक जागी आला की पेटतात. २००५ मध्ये मोझर दांपत्याच्या गटाला जाळीच्या नमुन्याने पेटणाऱ्या पेशी मिळाल्या. २०१४ चं नोबेल या कामासाठी ओकीफ आणि मोझर दांपत्य अशा तिघांना मिळालं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते विल्सन आणि मॅकनॉटन यांचं १९९४ चं निरीक्षण: एकाच जागी एकत्र पेटलेल्या पेशी नंतर झोपेतही एकत्र पेटतात. जागा समोर नाही, तरी तिच्यासाठी राखलेली रचना चालू. डोळे मिटून तुम्हाला किल्ला 'दिसतो' त्याची मुळं अशाच कशात तरी असणार. फक्त आत बसून तो नकाशा वाचणारा कोणी नाही. तसा कोणी मानलात तर त्याच्या डोक्यातल्या नकाशाचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

आता दुसरा प्रश्न. मनाबाहेर जाऊन तुलना करता येत नाही, ही अडचण मुळात 'कल्पना म्हणजे आतलं चित्र' या गृहीतातून आली आहे. आपल्याला थेट दिसतं ते चित्र आणि वस्तू चित्रामागे दडलेली, असं मानलं की वस्तूचं फक्त अनुमान उरतं. सौत्रान्तिक बौद्ध प्रामाणिकपणे तिथवर गेले: ज्ञानाला आकार असतो, त्या आकारावरून बाह्य वस्तू अनुमानाने कळते. योगाचाराने पुढचं पाऊल टाकलं, मग ती वस्तू हवीच कशाला? न्यायदर्शनाने पहिलाच धागा कापला. ज्ञानाला स्वतःचा आकार नाही, ते निराकार. आकार किल्ल्याचा, आणि ज्ञानाचा किल्ल्याशी असलेला संबंध म्हणजे विषयता. तुम्ही किल्ला पाहता, किल्ल्याचं ज्ञान पाहत नाही. ज्ञानाचं ज्ञान हवं असेल तर ते नंतर, वेगळं होतं. यात विषयता म्हणजे काय हे पुरतं उलगडत नाही हे खरं, पण पडदाच नाही म्हटल्यावर पडद्यापलीकडे डोकावण्याची गरज उरत नाही.

तरी 'बरोबर आहे हे कळणार कसं' हा साधा, व्यवहारातला प्रश्न उरतोच. न्यायदर्शन म्हणतं, त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळाला येते त्यावरून. तहानलेला पाणी समजून गेला आणि तहान भागली. तुम्ही आठवणीवर विसंबून होडीवाल्याला दरवाजा कुठल्या बुरुजांमध्ये आहे ते सांगा. होडी तिथे लागली किंवा तटावर आपटली, निकाल तिथेच. एकच वाट नाही, अनेक स्वतंत्र वाटा एका जागी येतात का हेही पाहता येतं: डोळे, मोजपट्टी, सर्वेक्षणाचा नकाशा, दुसऱ्या माणसाचं सांगणं.

पण फळ मिळालं म्हणजे ज्ञान खरंच होतं, असं मानायची घाई करू नका. सातव्या शतकाच्या सुमारास धर्मकीर्तीने यावर कायमची टाचणी लावून ठेवली आहे. दोन माणसांना दुरून प्रभा दिसते. एक मण्याची प्रभा, एक दिव्याची. दोघंही प्रभेलाच मणी समजून धावतात. दोघंही चुकलेले, कारण प्रभा म्हणजे मणी नव्हे. तरी पहिल्याच्या हाती मणी लागतो, दुसऱ्याच्या लागत नाही. चुकीच्या ज्ञानानेही काम फत्ते होऊ शकतं, जर ती चूक योग्य वस्तूपासून आली असेल तर. पंचांगातली गणितं पृथ्वी मध्यभागी धरून केली तरी ग्रहण वेळेवर लागतं. पाऊणपटीच्या हिशोबाने होडी सुखरूप पाण्यात जाते. यश एवढंच सांगतं की ज्या अंगाने काम केलं त्या अंगाने कल्पना वस्तूशी जुळली. बाकीच्या अंगांबद्दल ते गप्प असतं, आणि ती अंगं एकेक करून वेगळी तपासावी लागतात. 'माझी किल्ल्याची कल्पना बरोबर आहे का' असा सरसकट प्रश्न विचारलात तर उत्तर नाही. दरवाज्याच्या जागेबाबत बरोबर आहे का, तटाच्या लांबीबाबत आहे का, असं विचारलंत तर प्रत्येकाचं उत्तर मिळतं.

राहिला देवचार. वरचं सगळं उत्तर संपर्कावर उभं आहे, आणि जे नाही त्याच्याशी संपर्क कसला? (आजीचा विश्वास असेल तर तिच्यापुरता हा प्रश्नच नाही, तुम्ही 'नाहीच' धरून विचारलंत म्हणून मीही तसं धरतो.) ब्रेंटानोने १८७४ मध्ये म्हटलं की मनाचं लक्षणच हे, की त्याला नेहमी काहीतरी विषय असतो, मग तो बाहेर असो वा नसो. हे अडचणीचं वर्णन झालं, उत्तर नव्हे. नैयायिकांचं उत्तर जास्त कष्टाळू आहे. सशाचं शिंग असा एक विषय ते मानत नाहीत. ससा खरा, शिंग खरं, शिंग असणं हेही खरं, गाईबैलांत आढळतं. चूक फक्त त्यांच्या जोडणीत. रसेलने १९०५ मध्ये 'फ्रान्सचा सध्याचा राजा' अशाच तऱ्हेने सोडवला, तुकडे करून.

देवचाराचेही तुकडे पाडता येतात: उंच पुरुष, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, रात्री वाट चुकलेल्याला घरी आणून सोडणारा. प्रत्येक तुकडा जगात सापडतो. पण सगळे तुकडे जोडूनही आजीच्या देवचाराची बेरीज पुरी होत नाही. शेजारच्या गावची म्हातारी तपशील निराळे सांगते, घोंगडी नाही म्हणते, तरी दोघी भांडतात ते एकाच देवचाराबद्दल, आणि दोघींनाही ते ठाऊक असतं. साखळी आहे, अगदी लॉकियरसारखी, आजीपासून तिच्या आजीपर्यंत गेलेली. फरक इतकाच की ती मागे मागे गेल्यावर माणसापाशी थांबत नाही, एखाद्या गोष्टीपाशी, कोणाच्या तरी सांगण्यापाशी थांबते. मग ती कल्पना त्या सांगण्याबद्दल आहे असं म्हणावं का? काहीजण म्हणतात. मला ते जड जातं, कारण आजी अंधाराला भ्यायची तेव्हा तिला कोणाच्या सांगण्याची भीती वाटत नव्हती. तुमच्या परीक्षेत हा प्रश्न आला तर नैयायिक उदयनाचार्यांच्या बाजूने लिहा, आणि शेवटी दोन म्हाताऱ्यांची ही अडचण नोंदवून ठेवा.